‘ही मालिका संपू द्या’ : बडोद्यातील एका घराने टीव्ही सोडल्याचे प्रकरण

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रकरण-नोंद लिहिताना आम्हाला एक क्रम शिकवला होता : आधी घर, मग माणसे, मग तक्रार कोणाची आहे ते, आणि त्यानंतर काय केले ते. त्यातला ‘तक्रार कोणाची’ हा रकाना त्या वयात मला निव्वळ उपचार वाटत असे. पुढील नोंद माझ्या स्वतःच्या घराची आहे, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणता येणार नाही. लिहून झाल्यावर ती घरात वाचून दाखवली, तेव्हा सासूबाईंनी एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली. ती त्या जागी नोंदवली आहे.

आमचे घर दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला, एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आहे. सासूबाई १९७५ साली नाशिकहून लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा वाड्यात सात बिऱ्हाडे होती आणि सातही मराठी होती. गायकवाडी काळापासून या भागात मराठी कानांवर पडत आलेली असल्यामुळे, आपण परमुलखात आलो आहोत असे त्यांना पहिली काही वर्षे वाटलेच नाही. पुढे एकेक बिऱ्हाड मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड अशा नव्या वस्त्यांकडे निघून गेले. आता तळमजल्यावर एका कापड व्यापाऱ्याचे गोदाम आहे, समोरचा भाग बंद असतो, आणि वाड्याच्या चौकात दुपारी कोणी मराठीत बोलताना ऐकू येत नाही. ज्या काळाची ही नोंद आहे, त्या २०२३ साली सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. माझे पती नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात पाळीने काम करतात. मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा, दोघेही इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. मी दिवसभर कामासाठी बाहेर असते.

टीव्ही माजघरात, देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीवर होता. बत्तीस इंचांचा, खिळ्यावर नव्हे तर चार स्क्रूंच्या पट्टीवर बसवलेला. त्याचा रिमोट सासूबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबराने घट्ट बांधला होता आणि आवाज वाढवण्याच्या बटनावरचे प्लास्टिक झिजून पांढुरके झाले होते. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, तांदूळ पाखडणे ही बसून करायची सगळी कामे त्या टीव्हीसमोर करत. जाहिराती लागल्या की कुकर लावायचा आणि पुढच्या जाहिरातींना शिट्ट्या मोजायच्या, असे त्यांचे गणित होते.

येथे एक पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याचे मराठी कार्यक्रम बडोद्याच्या घरात दिसत नसत. आमच्या घरी मराठी बोलणारा टीव्ही खऱ्या अर्थाने आला तो केबलबरोबर, आणि १९९९ साली अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाल्यावर तर सासूबाईंची संध्याकाळ तिलाच बांधली गेली. वाड्यातील बिऱ्हाडे रिकामी होण्याचा आणि टीव्हीवर मराठी येण्याचा काळ जवळजवळ एकच होता. ही गोष्ट मला या प्रकरणात फार उशिरा दिसली. २०१९ साली वाहिन्या निवडून घेण्याचे नवे नियम आले, तेव्हा आमच्या केबलवाल्याच्या तयार पॅकेजमध्ये गुजराती आणि हिंदी वाहिन्या भरपूर होत्या, मराठी एकही नव्हती. पतींनी दोन वेळा त्याच्या कचेरीत जाऊन आईसाठी मराठी वाहिन्या वेगळ्या लावून घेतल्या होत्या. म्हणजे हा टीव्ही घरात पडून राहिलेला नव्हता. तो कोणीतरी कोणासाठी तरी खटपट करून राखलेला होता.

तक्रार माझी होती. मे २०२३ मध्ये मुलांच्या सुट्टीत दोन आठवडे मी एका वहीत टीव्ही किती वाजता लागतो आणि किती वाजता बंद होतो ते लिहून ठेवले. दिवसाला सरासरी नऊ तास भरले. त्यात मुलांच्या समोर तो चार तास असे. पण आकड्यांपेक्षा मला जास्त बोचला तो एक प्रसंग. मुलाला ताईने पेन्सिल दिली नाही म्हणून तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, “हे सगळं तुझं कारस्थान आहे.” सहा वर्षांचा मुलगा पोळीला ‘रोटली’ म्हणतो, खिडकीला ‘बारी’ म्हणतो, पंखा लाव म्हणताना ‘पंखो’ म्हणतो, आणि ‘कारस्थान’ मात्र अचूक उच्चारतो, याचे मला हसूही आले आणि भीतीही वाटली. त्या रात्री मी पतींना म्हटले की टीव्ही काढून टाकू. त्यांनी “आईला विचार” एवढेच सांगितले आणि रात्रपाळीला गेले.

मी विचारले नाही. जूनच्या दुसऱ्या रविवारी सासूबाई देवळात भजनाला गेल्या असताना शेजारच्या दुकानातला मुलगा बोलावून पट्टीचे स्क्रू काढले, टीव्ही जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि भिंतीवर मुलीने काढलेले एक चित्र लावले. सासूबाई आल्या, चप्पल काढताना त्यांनी भिंतीकडे पाहिले आणि विचारले, “बिघडला का?”

“नाही आई, काढलाय. मुलांसाठी.”

“बरं.”

हे ‘बरं’ मी संमती म्हणून धरले. सासूबाईंची दुरुस्ती येथेच आहे. त्यांचे म्हणणे असे की त्या ‘बरं’ म्हणाल्या नव्हत्या, ‘बरं, बघू’ म्हणाल्या होत्या, आणि ‘बघू’ मी ऐकलेच नाही. मला ते आठवत नाही, परंतु न ऐकण्याची शक्यता मी नाकारत नाही.

पुढील तीन आठवडे वरवर पाहता उत्तम गेले. मुलगी गच्चीवर पतंगाचा जुना मांजा गुंडाळत बसू लागली, मुलगा खालच्या गोदामातील पुठ्ठ्यांची खोकी आणून त्यांची गाडी करू लागला, आणि मी मनातल्या मनात यशाची नोंद लिहून मोकळी झाले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला सासूबाईंच्या बहिणीचा नाशिकहून फोन आला. त्यांनी जरा संकोचाने विचारले, “ताईशी तुमचं काही बिनसलंय का? पूर्वी रोज नऊ वाजता अर्धा तास बोलायची. आता ‘जेवलीस का, हो जेवले’ एवढ्यावर ठेवून देते.” चौकशी करता समजले की साडेआठची मालिका दोघी बहिणी आपापल्या घरी पाहत आणि ती संपली की फोनवर तिचा पंचनामा करत. सून वाईट आहे की सासू, वकील विकला गेला आहे की नाही, त्या मुलीने आईवडिलांना खरे सांगायला हवे होते की नको, या निमित्ताने दोघींचे स्वतःचे संसारही मधेमधे येत. नाशिकच्या त्या बहिणीच्या मुलाने वेगळे घर केले, हे सासूबाईंना प्रथम कळले ते अशाच एका मालिकेतील वेगळ्या निघालेल्या मुलावरून. बोलायला विषय असला की माणूस आपल्याविषयीही बोलतो. तो विषय मी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला होता.

त्याच आठवड्यात नेहमीच्या तपासणीसाठी त्यांना डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब १७० वर १०० निघाला. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटे पाहायला मागितली. जे पंधरा गोळ्यांचे पाकीट त्या हिशेबाने संपायला हवे होते, त्यात नऊ गोळ्या शिल्लक होत्या. मी तेथेच जरा चढ्या आवाजात विचारले तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “मालिकेचं गाणं लागलं की मी गोळी घेते. गाणंच लागत नाही.”

या वाक्यानंतर मी टीव्हीकडे पाहण्याची पद्धत बदलली, आणि प्रकरण-नोंदीतील तो जुना रकाना पुन्हा उघडला. तक्रार माझी होती आणि टीव्ही दुसऱ्यांचा होता. त्या एका यंत्रावर घरातील माणसांची कितीतरी कामे सोपवलेली होती आणि ती मी मोजली नव्हती. सासूबाईंसाठी ते घड्याळ होते, बहिणीशी बोलण्याचे निमित्त होते, आणि मुले शाळेत, मी कामावर आणि वाडा रिकामा असताना घरात मराठी बोलणारा एकमेव आवाज होता. दुसऱ्या पाळीहून साडेअकराला घरी येणाऱ्या पतींसाठी ते झोप येईपर्यंतचे वीस मिनिटांचे मौन होते. माझ्यासाठी, हे कबूल करणे भाग आहे, संध्याकाळी सहा ते आठ मुलांना एका जागी बसवून ठेवणारी बिनपगारी बाई होती. टीव्ही गेला तेव्हा ही सगळी कामे कोणाकडे तरी जायला हवी होती. कोणाकडेच न गेलेली ती गोळ्यांच्या पाकिटात शिल्लक राहिली.

त्या वेळी मी घरात ज्या युक्तिवादाने बोलत असे, त्याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि त्यात पडद्यासमोर बसण्याची मर्यादा एक तास सांगितली आहे, असे मी पतींना अनेकदा ऐकवले होते. सूचना खऱ्याच आहेत, परंतु त्या पाच वर्षांखालील मुलांसाठी आहेत आणि एक तासाची मर्यादा दोन ते चार वर्षांच्या मुलांना लागू आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा होता, मुलगी अकरा. टीव्ही कमी पाहावा हे माझे मत त्यामुळे चुकीचे ठरत नाही, परंतु आधार म्हणून मी जो कागद पुढे करत होते तो आमच्या घराचा नव्हता. वाद जिंकण्याच्या घाईत माणूस वय वाचायचे विसरतो.

जुलैच्या पहिल्या रविवारी पतींनी टीव्ही त्याच चार भोकांवर परत बसवला. त्या रात्री जेवताना मी सासूबाईंची क्षमा मागितली आणि टीव्ही आता राहील असे सांगितले. त्यांचे उत्तर मला अपेक्षित नव्हते.

“राहील कशाला? मलाही काढायचाच आहे. सारखा चालू असतो, डोकं उठतं. पण ही मालिका संपू द्या. त्या मुलीचं पुढे काय झालं ते कळायला नको का?”

पती हसून म्हणाले, “आई, मालिका दहा वर्षं चालेल.”

“चालू दे. मग दहा वर्षांनी काढा.”

त्याच जेवणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी दूरदर्शनचे कार्यक्रम ठरावीक वेळी संपत, शेवटची सूचना होई आणि पडदा मोकळा होई, तेव्हा टीव्ही बंद करण्याचे काम केंद्राचे होते. घरातल्या कोणालाही कोणावर ओरडावे लागत नसे. चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या आणि ते काम घरावर पडले, आणि घरात ते ज्याच्यावर पडते तो वाईट होतो. हा विचार मी कोणत्याही पुस्तकात इतक्या थोडक्यात वाचलेला नाही.

दहा वर्षे थांबावे लागले नाही. ती मालिका ऑक्टोबरअखेर संपणार असल्याचे सप्टेंबरमध्ये जाहीर झाले. हाताशी आलेल्या या चार महिन्यांत आम्ही टीव्हीकडची कामे एकेक करून काढून घेतली. गोळ्यांसाठी वारांचे सात कप्पे असलेली डबी आणली आणि साडेआठचा गजर लावला. गजराचा कर्कश आवाज सासूबाईंना आवडेना, म्हणून मुलीने त्या मालिकेच्याच गाण्याचा तुकडा गजर म्हणून भरून दिला. घड्याळाचा प्रश्न तेथे सुटला. संध्याकाळच्या सहा ते आठसाठी मी कामाची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली, ज्यासाठी मला वरिष्ठांशी दोन वेळा बोलावे लागले. हा भाग लिहिताना मला अजूनही राग येतो, कारण पतींना असे काही कोणी मागितले नाही.

मराठीचा आणि बहिणीचा प्रश्न मात्र डबीने सुटण्यासारखा नव्हता. मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालय आमच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून संस्थानभर वाचनालयांचे जे जाळे विणायला घेतले, त्यात लाकडी पेट्यांत भरून खेडोपाडी फिरणारी ग्रंथालयेही होती. त्या सगळ्याचे हे केंद्र. त्याच्या लोखंडी कपाटांचे मजले काचेच्या फरश्यांचे आहेत. मुलीला पुस्तकांपेक्षा त्या फरश्यांचेच कौतुक अधिक. तेथील जुन्या मराठी कादंबऱ्यांतली एक आम्ही आणली. सासूबाईंच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि दुसऱ्याची व्हायची आहे, त्यामुळे बारीक अक्षर त्यांना वाचवत नाही. वाचायचे काम मुलीकडे आले.

पहिल्या आठवड्यात ते वाचन ऐकवत नव्हते. मुलगी शाळेत हिंदी आणि गुजराती शिकते, त्यामुळे देवनागरी येते आणि ‘ळ’ची अडचण नाही, कारण तो गुजरातीतही आहे. अडचण ‘च’ आणि ‘ज’ची होती. ‘चार’ आणि ‘चित्र’ ठीक येई, पण ‘चांगला’, ‘चूल’, ‘चोर’ हे सगळे ती ‘चार’मधल्याच ‘च’ने वाचत असे. सासूबाई ओट्यापाशी फोडणी घालत असत. तेथूनच, मागे न वळता, त्या म्हणत, “दाताला जीभ लाव. चोर. चोर.” मुलगी पुन्हा म्हणे, “चोर.” “चहातला नाही, चोरातला.” एक दिवस या एकाच शब्दावर मोहरी जळली. मुलगा मधे येऊन ‘चोर’ बरोबर म्हणून दाखवायचा आणि पळायचा. त्याने तो बहुधा मालिकेतूनच उचललेला होता, हे मी प्रामाणिकपणे येथे लिहिते.

नऊ वाजता नाशिकला फोन जाऊ लागला. सासूबाई दिवसभरात ऐकलेले प्रकरण बहिणीला सांगत, आणि सांगताना त्यात भर घालत. एकदा मी ऐकले की कादंबरीत नसलेल्या एका आत्याबाई त्यांनी कथेत आणल्या आहेत. मी खुणेने विचारले तेव्हा फोनवर हात ठेवून म्हणाल्या, “तिला आत्या आवडतात.”

मालिका ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात संपली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः रिमोटचे रबर सोडले. परंतु आता पतींनी मुदत मागितली. क्रिकेट विश्वचषकाचे सामने चालू होते आणि अंतिम सामना १९ नोव्हेंबरला अहमदाबादला, म्हणजे आमच्या दाराशी होता. तोपर्यंत टीव्ही काढणे अमानुष ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. सासूबाईंना दिलेली सवलत त्यांना नाकारण्याचे कारण मला सुचले नाही. त्या रविवारी घरात पंधरा माणसे जमली आणि भारत ऑस्ट्रेलियाकडून सहा गड्यांनी हरला. सोमवारी सकाळी पतींनी पहिल्या पाळीला जाण्यापूर्वीच पाने-पेचकस काढून चारही स्क्रू स्वतःच्या हाताने काढले. टीव्ही गोदामाच्या राखणदाराला दिला. केबलवाल्याकडे जमा केलेल्या बॉक्सची अनामत परत मिळण्यासाठी चार फेऱ्या झाल्या आणि पाचवी मी घातली नाही.

ही नोंद लिहिते वेळी या गोष्टीला सव्वा वर्ष झाले आहे. टीव्ही घरात नाही, पण पडदा घरात नाही असे म्हणता येणार नाही. पती सामने मोबाइलवर पाहतात आणि कानात बोंडे घालतात, त्यामुळे पूर्वी चौकार गेल्यावर माजघरात जो एकत्र आरडाओरडा होई तो आता एकट्यांचा झाला आहे. मुलाने पहिल्या महिन्यातच माझ्या मोबाइलकडे मोर्चा वळवला. त्याच्यासाठी रोज अर्ध्या तासाचा नियम आहे, आणि आठवड्यातील साधारण दोन दिवस तो मोडतो. मोडणारी बहुतेक वेळा मीच असते, स्वयंपाक उरकायचा असतो तेव्हा. तो अजूनही ‘रोटली’ म्हणतो. मुलीचा ‘च’ सुधारला असून आता ती वर्गातील मैत्रिणींचा ‘च’ दुरुस्त करते, ज्याची त्यांना गरज नाही. भिंतीवरची चार भोके पांढऱ्या सिमेंटने बुजवली, ती जरा जास्तच पांढरी दिसतात.

सासूबाईंचा रक्तदाब औषधाने आटोक्यात आहे. साडेआठला संपलेल्या मालिकेचे गाणे वाजते आणि त्या गोळी घेतात. मागच्या आठवड्यात नाशिकहून बहिणीने फोनवर सांगितले की त्याच वेळेला एक नवी मालिका सुरू होते आहे, जाहिरात फार छान आहे, आणि टीव्ही नसल्याने ताईला ती बघता येणार नाही याचे तिला वाईट वाटते. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी फोन खांद्याशी धरून सांगितले, “तू बघ आणि मला सांग. आत्या असली तर सविस्तर सांग.”